खिशातली वेलांटी

शुक्रवारी सकाळी शिक्केसाहेबांनी कुणाच्याच फोनला शिक्का लावला नाही, आणि तेवढ्यावरून वहीताईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलं आहे.

रोजची रीत ठरलेली होती. चित्रीकरण एका बंद पडलेल्या शीतगृहात चालू होतं. दाराशी पत्र्याचं टेबल आणि टेबलामागे निर्मात्यांनी नेमलेला हा गुप्ततेचा माणूस. आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवरच्या कॅमेऱ्याला तो एक लाल गोल चिकटपट्टी लावायचा, अंगठ्याने नीट दाबायचा, आणि फोन परत देताना हलकेच मान झुकवायचा. त्यावरून त्याचं नाव शिक्केसाहेब पडलं. तो कधी कुणावर ओरडला नव्हता. ओरडला असता तर माणसांना बरं वाटलं असतं.

आज टेबल रिकामं होतं. सगळ्यांना आत, सेटवरच्या दिवाणखान्यात बोलावलं होतं. तो दिवाणखाना म्हणजे लाकडी चौकटींवर ताणलेल्या तीन भिंती. वर छत नव्हतं, होते फक्त दिवे आणि शीतगृहाचा काळोख. कुणी काही बोललं की आवाज त्या काळोखात जाऊन जरा उशिराने परत यायचा.

"काय झालंय?" ताईंनी लाइटवाल्याला विचारलं.

"मला काय ठाऊक. बायको घरी विचारते, तुमच्या सिनेमात काय आहे? मी म्हणतो, अंधार आहे, मी दिवे लावतो, पुढचं मलाही दिसत नाही." लाइटवाला नेहमीसारखं बोलला, पण हसला नाही.

त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. या रहस्यपटात खुनी कोण, हे दिग्दर्शक आणि निर्माते सोडले तर कुणालाच माहीत नव्हतं. शेवट तीन वेगवेगळे चित्रित व्हायचे होते. रखवालदाराचं काम करणाऱ्या नटाला आपण खून केला आहे की नाही, हेही सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक खात्याला सकाळी फक्त त्याच्या कामाची पानं मिळायची. संध्याकाळी ती मोजून परत घेतली जायची आणि यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या केल्या जायच्या. पानांवर ना खात्याचं नाव असे, ना प्रतीचा क्रमांक. एवढा बंदोबस्त करणारा माणूस प्रतींवर आकडे टाकायला विसरला, असं म्हणून सगळे मागे हसले होते.

याला अपवाद फक्त वहीताईंचा. एका दृश्यात अर्धा भरलेला पेला पुढच्या दृश्यातही अर्धाच आहे ना, डाव्या गालावरची जखम उजवीकडे सरकली नाही ना, हे पाहणं त्यांचं काम. त्यासाठी वेळेसकट प्रत्येक गोष्ट त्या एका जाडजूड तारेच्या वहीत लिहीत. दिवसाचा अहवाल त्या घरी बसून तयार करत. म्हणून दिवसाची पानं बंद लिफाफ्यात घालून घरी नेण्याची आणि दुसऱ्या दिवशी परत करण्याची मुभा त्या एकट्यांना होती. बावीस वर्षांत त्यांच्या वहीतली नोंद खोटी निघाली नव्हती. दिग्दर्शक आणि छायालेखक हातघाईवर आले तरी शेवटी म्हणत, "वही काय म्हणते?"

शिक्केसाहेब आले. त्यांच्या हातात एक मोठा केलेला फोटो होता. पानाचा कापलेला तुकडा, तीनच ओळी.

"कालपासून हे बाहेर फिरतंय," ते म्हणाले आणि शांतपणे वाचू लागले. "'रखवालदार दाराकडे पाठ करतो. कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढतो. किल्लीला रक्त लागलेलं आहे.' पान एकसष्ट. आपला सिनेमा आता सगळ्यांचा बघून झाला."

कुणीतरी खोकलं. दिग्दर्शक कोपऱ्यातल्या खोट्या खिडकीशी उभे होते आणि तिच्यातून पलीकडच्या पत्र्याकडे बघत होते.

"प्रतींवर आकडे नाहीत म्हणून तुम्ही हसायचात," शिक्केसाहेब म्हणाले. "आकड्यांची गरज नव्हती. प्रत्येक प्रतीत मी एक चूक पेरली आहे. शुद्धलेखनाची, एकच, प्रत्येकाची निराळी. रंगभूषेच्या प्रतीत किल्ली चुकली आहे, दिव्यांच्या प्रतीत रखवालदार. मी आत्ता वाचलं ते नीट वाचलं, पण या फोटोत 'खिशातून'ला दीर्घ वेलांटी आहे. तशी प्रत एकच होती." त्यांनी मान वळवली. "वेशभूषेची."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर म्हणजे वेशभूषा सांभाळणारे. तीस वर्षं त्यांनी नटनट्यांच्या गुंड्या लावल्या होत्या, आणि सेटवर कुणाचीही शिवण उसवली की आधी त्यांचा हात पुढे यायचा.

"आणि ही खूण," शिक्केसाहेबांनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. "शब्दाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, समासात हे लाल वळण. इथे लाल पेन्सिल कोण वापरतं?"

उत्तराची गरज नव्हती. कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल त्या क्षणीसुद्धा मास्तरांच्या कानावर खोचलेली होती. ती काढून खिशात टाकावी की तशीच राहू द्यावी, हे त्यांना उमगलं नसावं. त्यांचा हात अर्धवट वर गेला आणि खाली आला.

"पान माझ्याच नावावर होतं, साहेब," ते म्हणाले.

वहीताईंनी ते वाक्य ऐकलं आणि त्यातला एक शब्द त्यांच्या कानात रुतून बसला. नावावर. माझ्या हातात होतं, असं मास्तर म्हणाले नव्हते. आणि बोलताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त ताईंकडे पाहिलं नाही.

"उद्या दुपारी बारापर्यंत विचार करा," शिक्केसाहेब म्हणाले. "कुणाला दिलं ते सांगा. नाहीतर बाराला पत्र जाईल. सगळ्या निर्मात्यांना."

त्या पत्राचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. हाताने कमी, डोक्याने कमी, अगदी व्यसनी माणसालाही या धंद्यात कुठेतरी थारा मिळतो. फुटलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही.

मास्तरांना सामानाच्या रिकाम्या खोलीत बसवलं. दिग्दर्शक फार हळू आवाजात म्हणाले, "काम सुरू करा."

*

मंगळवारी काय घडलं, ते दोघांनाच माहीत होतं.

सकाळी मास्तर रखवालदाराच्या कोटाला इस्त्री करत होते. पान एकसष्ट कोटाखाली सरकलं, इस्त्री त्यावरून फिरली आणि पानाचा कोपरा तपकिरी झाला. आदल्याच आठवड्यात पान टेबलावर विसरल्याबद्दल त्यांना समज मिळाली होती. ते धावत ताईंकडे आले.

"ताई, मेलो. शेकलं पान. आता तो शिक्का माझ्या कपाळावर बसणार."

"बसू दे की, लाल रंग शोभेल तुम्हाला," ताई म्हणाल्या होत्या. "द्या इकडे. माझं घ्या. संध्याकाळी माझ्या गठ्ठ्यात काय आहे ते कुणी उलगडून बघत नाही. चहा सांडला म्हणेन."

दोन पानांची अदलाबदल झाली. आणि हात वळणाला लागलेला असल्यामुळे, कुणाला दाखवायचं नसतानाही, ताईंनी वहीत लिहिलं: ११.२०. वेशभूषेचे पान ६१ भाजले. माझे दिले, त्यांचे घेतले.

म्हणजे दीर्घ वेलांटीचा तो खिसा मंगळवारी संध्याकाळी ताईंच्या लिफाफ्यातून त्यांच्या घरी गेला होता. आणि समासातलं ते लाल वळण, ज्याचं शेपूट माशाच्या गळासारखं वर वळलेलं होतं, ते ताई अक्षर ओळखायला लागल्या त्याच्याही आधीपासून ओळखत होत्या.

त्यांचे वडील बेचाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासत. निवृत्तीनंतर काम सुटलं, पण पेन्सिल सुटली नाही. औषधाच्या खोक्यांवर, विजेच्या बिलांवर, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर त्यांच्या लाल खुणा असत. आई असताना म्हणायची, मी गेल्यावर माझ्या मृत्यूची बातमीसुद्धा हे आधी तपासतील. आणि तिची बातमी त्यांनी खरोखरच तपासली होती, आणि तिच्यात दोन चुका काढल्या होत्या.

बुधवारी सकाळी लिफाफा भरताना ताईंना पान एकसष्टवर ती खूण दिसली होती. "बाबा, हे माझ्या कामाचे कागद आहेत हो," असं म्हणत त्यांनी खोडरबराने ती पुसली. संध्याकाळी पानाच्या पट्ट्या झाल्या. विषय तिथेच संपला, असं त्यांना वाटलं होतं. खूण पुसली जाण्याआधी तिचा फोटो निघाला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

*

त्या दिवशी काम झालं, पण कशातच जीव नव्हता. रखवालदाराच्या कोटाच्या गुंड्या रंगभूषावाल्या बाईंनी लावल्या आणि एक गुंडी वरच्या काजात घातली. ताईंच्या ते लगेच लक्षात आलं. "कोट," त्या म्हणाल्या. बाई गुंडी काढून लावताना हळूच पुटपुटल्या, "माझं काम चेहऱ्याचं, बाई. कपड्यांचा माणूस तिकडे कोंडून घातलाय, त्याला आणा."

सामानाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. येता-जाता आत मास्तर दिसत. खुर्चीवर ताठ बसलेले, मांडीवर कुणाचा तरी सदरा. तीस वर्षं सुई चालवलेल्या माणसाला नुसतं बसायला सांगितलं तरी हाताला काम लागतं, तसे ते एकेक टाका उसवून पुन्हा घालत होते. दुपारी ताई चहाचा पेला घेऊन गेल्या.

"तुम्ही सांगत का नाही?" त्यांनी दारातूनच, ओठ न हलवता विचारलं.

"काय सांगू?" मास्तरांनी मान वर केली नाही. "ताई, मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही माझ्याकडे नव्हता आलात."

"बारा वाजता पत्र जाईल, मास्तर."

"तुमच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही. ज्या गोष्टीचं मला माहीत नाही, त्यात तुमचं नाव मी कसं घेऊ? चहात साखर कमी आहे बघा."

ताई परत आल्या. दिवाणखान्याच्या खोट्या भिंतीमागे उभं राहून त्यांनी वही मंगळवारावर उघडली. तारेची वही. एक पान हळूच ओढलं असतं, तर त्याचा मागमूस राहिला नसता. पान गेलं की अदलाबदल झालीच नव्हती. मास्तर बोलणार नव्हते. भाजलेल्या पानाच्या पट्ट्या कचऱ्यात होत्या. जगात एवढी एकच ओळ उरली होती.

त्यांनी पानाची कड बोटात धरली. वर काळोखात कुठेतरी पत्रा तडकल्यासारखा वाजला. त्यांनी वही मिटली. आपण धैर्य दाखवलं असं त्यांना वाटलं नाही. हात झाला नाही, इतकंच.

*

संध्याकाळी घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर एका बूटविक्रीच्या दुकानाची जाहिरात होती आणि तिच्यावर लाल खुणांची दाटी.

"बाबा, मंगळवारी माझ्या कागदावरच्या एका शब्दाचा फोटो काढलात?"

"तो खिसा?" बाबांचा चेहरा उजळला. "अगं, टाकला ना आमच्या जुन्या खिळ्यांच्या गटावर." छापखान्यातल्या निवृत्त जुळणीकारांनी आणि मुद्रितशोधकांनी फोनवर गट केला होता, त्याला ते छपाईच्या शिशाच्या अक्षरखिळ्यांवरून जुने खिळे म्हणत. "खाली लिहिलं, बेचाळीस वर्षांत एवढा लांब खिसा पाहिला नाही. बारा जणांनी हसण्याची चित्रं पाठवली. बारा. वाढदिवसाला चौघांनी पाठवली होती."

"आणि पुढे?"

"पुढे काय? एकाचा भाचा कुठल्यातरी बातम्यांच्या ठिकाणी आहे. त्याला दाखवलं म्हणे, की बघ तुमच्या पिढीचं शुद्धलेखन." ते थांबले. "का गं? तुमच्या टंकलेखकाला बोलणी बसली का? बसू देत. मजकूर काय होता ते मला आठवतही नाही. मजकूर मी कधी वाचत नाही, तुला माहीत आहे. मी अक्षरं वाचतो."

ते खोटं नव्हतं. ज्या ओळीसाठी तीन भिंतींच्या आत इतकी माणसं श्वास रोखून वावरत होती, त्या ओळीत त्यांना फक्त एक वेलांटी दिसली होती.

"नाही, सहज विचारलं," ताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

*

शनिवारी साडेअकराला त्या वही घेऊन शिक्केसाहेबांच्या खोलीत गेल्या. पूर्वी तिथे मालाचं वजन करत असावेत. भिंतीवर मोठ्या काट्याच्या खुणा होत्या. साहेबांनी खुर्ची दाखवली. ताई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी मंगळवार उघडला आणि ओळ वाचून दाखवली.

"म्हणजे ते पान माझ्या ताब्यात होतं," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या नाही. त्यांना सोडा."

शिक्केसाहेबांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खण उघडून कागदांचा एक गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद ताईंसमोर ठेवला. त्यांचंच अक्षर होतं. ११.२०. वेशभूषेचे पान ६१ भाजले.

"जेवणाच्या सुट्टीत वही तुम्ही कपाटात ठेवता," ते म्हणाले. "तिची रोज प्रत निघते. ही नोंद मी मंगळवारी दुपारीच वाचली."

ताईंनी कागदावरून वर पाहिलं. "मग काल मास्तरांना..."

"तुम्ही येता का, ते पाहायचं होतं. काल चार वाजता तुम्ही त्या भिंतीमागे हे पान धरून उभ्या होता. फाडलं असतंत तर आज आपलं बोलणं वेगळं झालं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, समाधानही नव्हतं. "बसा, ताई."

आता त्या बसल्या.

"माझ्या कागदांत एकच रकाना रिकामा आहे. पान तुमच्या घरी गेलं. फोटो तुम्ही काढलेला नाही, ते मला पटतं. घरी कोण असतं?"

एकटी असते, एवढे दोन शब्द पुरे होते. पण या माणसाने ते आधीच तपासलेलं असेल का, हा विचार मनात आला, आणि त्याच्यामागोमाग दुसरा, त्याहून वाईट. तपासलेलं नसलं तरी आपल्याला ते म्हणता येणार नाही. बावीस वर्षं खरी नोंद करून करून जीभसुद्धा वळणाला लागली होती.

"वडील," त्या म्हणाल्या.

"काय करायचे?"

"छापखान्यात होते."

"कुठल्या कामाला?"

ताईंची नजर टेबलावरच्या फोटोकडे गेली. शिक्केसाहेबांनी ती टिपली. मग त्यांनी फोटो ओढून घेतला आणि समासातल्या लाल वळणावर, त्याच्या गळासारख्या शेपटावर, बोटाचं टोक हळूहळू फिरवलं, जसं लहान मूल अक्षर गिरवतं. पुरतं गिरवून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"मुद्रितशोधक. असं आहे होय," ते म्हणाले, आणि रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

जबाब तिथेच टंकून झाला. पान ताईंकडून उघडं राहिलं, सोमवारपासून त्या कामावर येणार नाहीत, मास्तरांवरचा आरोप मागे घेतला जात आहे, आणि त्यांच्या वडिलांकडे चौकशीसाठी माणूस येईल. माणूस कधी येईल ते लिहिलं नव्हतं.

ताईंनी जबाब वाचला. सहीच्या वरच्या ओळीशी त्यांचा हात आपोआप थबकला. 'ही सर्वस्वी माझी चुक आहे.' 'चुक'ला ऱ्हस्व उकार. त्यांनी पेन खाली टेकवलं.

"नका," शिक्केसाहेब म्हणाले. "ती तशीच राहू द्या. दिग्दर्शकांच्या प्रतीत दुसरी आहे, निर्मात्यांच्या प्रतीत तिसरी. ही तुमची."

ताईंनी सही केली.

बाहेर मास्तर रखवालदाराला कोट चढवत होते. ताईंना पाहून ते थांबले. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं, किंवा चेहऱ्यावरून कळलं असावं.

"मी बोललो नव्हतो, ताई."

"ठाऊक आहे मला. वरची गुंडी बघा, सैल झाली आहे."

"बघतो," मास्तर म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पण खूण करण्याऐवजी ती तशीच हातात धरून ते उभे राहिले.

घरी ताईंनी जबाबाची आपली प्रत टेबलावर ठेवली. बाबांना छापलेलं वाचायची सवय होती. बाबांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून टोक पुढे सरकवत निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते मजकूर वाचत होते. टोकाच्या चालीवरून ते कळत होतं; टोक मध्येच थांबत होतं, मागे जात होतं. वडिलांकडे चौकशीसाठी, या शब्दांवर ते बराच वेळ टेकून राहिलं.

मग टोक शेवटच्या ओळीवर आलं आणि चुकलेल्या उकाराखाली थबकलं. बाबांनी तो पाहिला, याबद्दल ताईंना शंका नव्हती.

त्यांनी पेन्सिल उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. कागदावर कुठेच खूण केली नाही.

"केव्हा येणार म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

बाबांनी दाराकडे पाहिलं आणि चष्मा न काढता तसेच बसून राहिले.